दातेरी पाना घ्यावा की न घ्यावा?

घर लहान असो की मोठे, माळ्यावर, जिन्याखाली किंवा स्वयंपाकघराच्या खालच्या खणात एक पत्र्याचा डबा असतोच. त्यात एक पक्कड, दोन पेचकस, हातोडी, उरलेले खिळे आणि तीन-चार पाने. यातले दोन पाने स्कूटरबरोबर आलेले, एक कुणाकडून तरी मागून आणलेला आणि परत द्यायचा राहिलेला, आणि एक चक्रीने जबडा लहानमोठा होणारा स्क्रू पाना. नळ गळू लागला, पंखा खडखडू लागला, मुलाच्या सायकलचे चाक डुगडुगू लागले की घरातला कर्ता पुरुष किंवा आजकाल घरातली मुलगीसुद्धा हा डबा काढून बसते. आणि मग नेमका तो एक नट येतो, जो हलत नाही.

जोर लावला की पाना सटकतो. बोटांची सालपटे निघतात. पुन्हा लावावा तर नटाचे कोपरे आणखी झिजलेले. तिसऱ्या खेपेला नट गोल होतो आणि पाना त्याच्याभोवती नुसताच फिरतो. पन्नास रुपयांचे काम पाचशेवर जाते ते इथेच.

अशा वेळी हत्यारांच्या दुकानात हल्ली एक नवलाईची वस्तू दाखवतात. दिसायला नेहमीचा दोन जबड्यांचा फिक्स पाना, पण जबड्याच्या आतल्या बाजूला बारीक खाचा किंवा दाते. दुकानदार सांगतो, ‘‘साहेब, हा घसरतच नाही. गोल झालेला नटसुद्धा धरतो.’’ किंमत मात्र साध्या पान्याच्या कितीतरी पट. परदेशी बनावटीचा एक दातेरी पाना घ्यावा, तर तेवढ्यात साध्या भारतीय पान्यांचा अख्खा संच येतो. मग घ्यावा की न घ्यावा?

याचे उत्तर शोधायचे तर आधी पाना घसरतो का, हे समजून घ्यायला हवे. नटाला सहा बाजू आणि सहा कोपरे. रिंग पाना नटाला चहूबाजूंनी वेढतो, त्यामुळे जोर सहाही कोपऱ्यांवर वाटला जातो. फिक्स पान्याचे तसे नाही. तो समोरासमोरच्या दोन बाजू धरतो आणि फिरवताना प्रत्यक्षात दोनच कोपऱ्यांजवळ टेकतो. सगळा भार त्या दोन ठिकाणी. आठ मिलिमीटर जाडीचा वाहनात नेहमी वापरला जाणारा बोल्ट घ्या. त्याच्या नटाचे माप १३ मिलिमीटर. तो नीट आवळायला वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी साधारण बारा-साडेबारा किलोंचा जोर पुरतो. पण हिशेब केला तर नटाच्या त्या दोन कोपऱ्यांपैकी प्रत्येकावर तीनशे किलोंहून अधिक दाब पडतो! गंजलेला नट सोडवायला तर याहून कितीतरी जास्त जोर लागतो. त्यात जबडा एका बाजूने उघडा, म्हणून भार आला की तो किंचित फाकतो. कोपरा झिजला नाही तरच नवल.

दुसरे कारण मापाचे. नटावर पाना सहज चढावा म्हणून दोघांत मिलिमीटरच्या काही दशांशांची मोकळीक मुद्दामच ठेवलेली असते. तेवढी चालते. पण आपल्याकडे मापांची खिचडी फार. आठ मिलिमीटरच्या त्याच बोल्टाला जुन्या स्कूटरवर १३ चा पाना लागतो, तर जपानी धाटणीच्या मोटारसायकलवर बहुधा १२ चा. दहा मिलिमीटरच्या बोल्टाला कुठे १७, कुठे १६, तर कुठे १४. जुन्या जीपमध्ये इंची मापे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, म्हणून त्यावर १३ चा पाना ‘चालून जातो’. हे चालून जाणेच पुढे महागात पडते.

आता दात्यांकडे वळू. हत्यारांच्या जबड्यात दाते ही काही नवी गोष्ट नाही. नळवाल्याचा पाइप पाना पाहा. अमेरिकेतल्या डॅनियल स्टिल्सन यांनी १८७० मध्ये त्याचे पेटंट घेतले. पाइप गोल, त्याला कोपरे नाहीत, म्हणून त्याला धरायला दाते हवेतच. उलट स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन यांनी १८९२ मध्ये ज्याचे पेटंट घेतले, तो आज घरोघरी असलेला स्क्रू पाना. त्याचा जबडा गुळगुळीत, कारण तो सहा कोनी नटासाठी आहे. दाते गोल वस्तूसाठी आणि गुळगुळीत जबडा कोपरे असलेल्या वस्तूसाठी, अशी ही सरळ वाटणी होती.

पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी कारखानदारांनी रिंग पाने आणि गोटी पाने यांचा आतला आकार बदलला. भार कोपऱ्याच्या टोकावर न येता थोडा आत, सपाट बाजूवर यावा अशी रचना केली. हीच कल्पना नंतर फिक्स पान्यात आली. स्नॅप-ऑन या अमेरिकी कंपनीने जबड्यात खाचा पाडल्या, तर वेरा या जर्मन कंपनीने आपल्या ‘जोकर’ नावाच्या पान्यात दाते असलेली कडक पोलादाची पट्टीच बसवली. हेतू एकच. नटाच्या सपाट बाजूला पकडायचे आणि कोपऱ्याला वाचवायचे.

म्हणजे कल्पना खोटी नाही. दुकानदारही थापा मारत नाही. तरीही प्रश्न राहतोच, की आपल्याला याची गरज आहे का?

एका तालुक्याच्या गावी एका पुतण्याला हाच प्रश्न पडला होता, आणि त्याच्यासाठी तो गमतीचा नव्हता. आयटीआय करून त्याने चार वर्षे दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये काम केले. आता बाजारपेठेच्या कोपऱ्यावर स्वतःचे गॅरेज काढायचे ठरवले होते. जीप, छोटे टेम्पो आणि मोटारसायकली, हे त्याचे गिऱ्हाईक. बँकेने अर्धे कर्ज दिले, उरलेल्यासाठी आईने आपल्या पाटल्या मोडल्या. जागेची अनामत, वीजजोडणी, कॉम्प्रेसर आणि जॅक यांत बरेचसे पैसे गेले. हत्यारांसाठी जे उरले ते मोजकेच. त्यातच शहरातल्या दुकानात त्याने चकचकीत दातेरी पान्यांचा संच पाहिला आणि त्याचे मन त्यावर बसले. उरलेल्या पैशांपैकी जवळजवळ सगळे त्यात गेले असते.

त्याचे काका एसटीच्या कार्यशाळेत तीस वर्षे फिटर होते. निवृत्त झाले तरी हाताला ग्रीसचा वास कायम आहे, असे काकू म्हणत. पुतण्याने त्यांना संचाची माहिती सांगितली, तेव्हा काकांनी नाही म्हटले नाही. ते एवढेच म्हणाले, ‘‘अरे, संच नको आणू. एकच पाना आण, तेराचा. बघू तरी काय करतो ते.’’

पुतण्याने तेराचा दातेरी पाना आणला. काकांनी आपल्या गुंडाळीतून तेराचा साधा पाना काढला. जुना, पण जबडा न फाकलेला. मागच्या पडवीत व्हाइस होता. त्यात एक लोखंडी पट्टी धरली, तिला आठाचा नवा कोरा बोल्ट नटासह घट्ट आवळला आणि काका म्हणाले, ‘‘सोडव आधी साध्याने.’’ सुटला. पुन्हा आवळून दातेरीने सोडवला. तोही सुटला. काहीच फरक नाही.

मग काकांनी कानस घेतली आणि दुसऱ्या नटाचे सहाही कोपरे घासून बोथट केले. साधा पाना लावताच सटकला. पुतण्याचा हात व्हाइसवर आदळता आदळता राहिला. दातेरी पान्याने मात्र तो नट धरला आणि ‘कट्’ आवाज करून सोडवला. पुतण्याच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. ‘‘बघा काका!’’

‘‘बघितलं की. आता नट उजेडात धर.’’

नटाच्या दोन्ही सपाट बाजूंवर दात्यांच्या रेघा उमटल्या होत्या. वरचा जस्ताचा मुलामा खरवडला जाऊन आतले उघडे लोखंड दिसत होते. ‘‘पावसाळ्यात इथूनच गंज धरणार,’’ काका म्हणाले. मग त्यांनी पितळेचा एक नट व्हाइसवर बसवला आणि दातेरी पाना लावून पुतण्याला जोर लावायला सांगितले. पितळ मऊ. दोन झटक्यांत त्याच्या बाजू कुरतडल्यासारख्या झाल्या. काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी तो नट पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘उंदरानं खाल्ल्यासारखा दिसतोय.’’

चहा पिता पिता काकांनी जे सांगितले, ते त्यांच्या तीस वर्षांचे सार होते. ‘‘हा पाना चांगला आहे, पण तो नटासाठी नाही, बिघडलेल्या नटासाठी आहे. तुझ्याकडे रोज येणाऱ्या शंभरातल्या बहुतेक नटांना काही झालेलं नसतं. त्यांना नीट मापाचा रिंग पाना लावलास, तर ते बिघडतही नाहीत. आधी न बिघडवायची हत्यारं घे. बिघडलेलं सोडवायची नंतर.’’

पुतण्याने विचारले, ‘‘पण काका, जिथे रिंग पाना जातच नाही तिथे?’’

हा प्रश्न मात्र काकांना आवडला. कारण फिक्स पाना लागतो तो अशाच ठिकाणी. ज्या नटातून लांब रॉड किंवा पाइप आरपार गेलेला असतो, तिथे रिंग वरून घालताच येत नाही. बाजूनेच शिरावे लागते. जागा अडचणीची असेल तिथेही तेच. म्हणूनच तर फिक्स पान्याचे तोंड दांड्याशी साधारण १५ अंशांत तिरके असते. थोडा फिरवायचा, उलटा करून पुन्हा लावायचा, असे करत अरुंद जागेतही काम होते. अशा ठिकाणचा नट गोल झाला, तर साधा फिक्स पाना हात टेकतो आणि तिथेच दातेरी पाना आपली किंमत वसूल करतो.

‘‘मात्र ब्रेकच्या पाइपाला हा लावायचा नाही,’’ काकांनी बजावले. ‘‘तो नट पोकळ आणि नाजूक. दोन्हीकडून दाबला की चेपतो आणि आतल्या पाइपालाच धरून बसतो. मग नट फिरवशील तर पाइप पिळवटतो. गाडी ब्रेकवर चालते रे, इंजिनावर नाही.’’ त्यासाठी वेगळा पाना असतो. रिंग पान्याच्या तोंडाला पाइप आत शिरेल एवढी फट ठेवलेली असते. त्याला फ्लेअर नट पाना म्हणतात. तो पाइपावरून सरकवून नटावर आणला की जवळजवळ चहूबाजूंनी पकड मिळते.

त्या दिवशी यादी नव्याने लिहिली गेली. एका बाजूला रिंग आणि एका बाजूला फिक्स असा साध्या पान्यांचा एक पूर्ण संच, रिंग पान्यांचा दुसरा, सहा कोनी गोटी पान्यांचा तिसरा. १० आणि ११ या मापांचे दोन फ्लेअर नट पाने. तारेचा ब्रश आणि गंज सोडवणारे तेल. हे सगळे भारतीय बनावटीचे. नाशिकच्या टपारियापासून जालंधर-लुधियानाच्या कारखान्यांपर्यंत आपल्याकडे हात-हत्यारांचा मोठा उद्योग आहे आणि जालंधरचे पाने परदेशी निर्यात होतात. फिक्स पान्यांसाठी आयएस २०२८ आणि रिंग पान्यांसाठी आयएस २०२९ अशी भारतीय मानकेही आहेत. एवढे सगळे घेऊनही थोडे पैसे उरले. त्यात आधीच आणलेल्या तेराच्या जोडीला सतरा आणि एकोणीस या मापांचे दोन दातेरी पाने आले. संच नाही, तीनच नग.

पहिल्याच पावसाळ्यात त्यातला एकोणीसचा उपयोगी पडला. रोज पहाटे भाजी घेऊन बाजाराला जाणारा एक टेम्पो संध्याकाळी दारात आला. पुढची चाके एका बाजूला ओढत होती. स्टिअरिंगच्या टाय रॉडचा चेकनट सोडून मापे जुळवायची होती, पण तो नट आधी कुणीतरी चुकीच्या पान्याने पुरता गोल केलेला. रॉड आरपार, म्हणजे रिंग पाना जाणे शक्य नाही. दुसऱ्या गॅरेजवाल्याने गॅसने कापून काढायला सांगितले होते. म्हणजे रॉडही जाणार आणि दोन दिवस टेम्पो उभा राहणार. टेम्पोवाल्याच्या घरची चूल त्या टेम्पोवर.

पुतण्याने घाई केली नाही. ब्रशने माती आणि गंज झाडला, तेल सोडले, रॉडला पाठीमागून आधार देऊन नटाला हातोडीने हलके ठोके दिले आणि तासभर थांबला. दातेरी पान्याचे दाते कापडाने पुसून घेतले, कारण दात्यांत ग्रीस भरले की तोही साध्यासारखाच सटकतो. मग पाना पुरता आत ढकलून नटाशी भिडवला आणि आपल्याकडे ओढला. दुसऱ्या ओढीला नट हलला. नंतर रॉडचे टोक किती आट्यांवर आहे हे मोजून त्याने ते काढले, जुना नट फेकून दिला आणि नवा घातला. नवा नट साध्या पान्यानेच आवळला. टेम्पो रात्रीच घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी बाजार आटोपल्यावर चाकांची मापे तपासायला पुन्हा आला.

जुना नट फेकणे हा काकांचा दंडक होता. दातेरी पान्याने सोडवलेला नट परत चढवायचा नाही. पाच-दहा रुपयांच्या नटासाठी उद्याचा त्रास विकत घ्यायचा नाही. त्या वर्षी पुतण्याने तिन्ही दातेरी पाने किती वेळा वापरले, तर बोटांवर मोजण्याइतके. पण ज्या वेळी वापरले त्या वेळी दुसरे काही चाललेच नसते. बाकीचे पाने मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत हातात असत. आईच्या पाटल्या पुन्हा घडवायला अजून अवकाश होता, पण कर्जाचा एकही हप्ता चुकला नाही.

ही झाली गॅरेजची गोष्ट. घरातल्या डब्याचे काय? तिथे उत्तर आणखी सोपे आहे. घरातले निम्मे नट पितळेचे किंवा वर चकाकी दिलेले. नळ, शॉवर, गिझरच्या जोडण्या यांना दाते लागले की चकाकी गेलीच म्हणून समजा. तिथे गुळगुळीत जबड्याचा पाना, तोही मध्ये कापडाची घडी घालून लावावा. सायकल आणि स्कूटरसाठी १० ते १७ मापांचा साधा संच पुरतो. त्यातही एका टोकाला रिंग असलेला संच घेतला तर उत्तम. रिंग जात असेल तिथे फिक्सचे तोंड वापरूच नये. स्क्रू पाना असेल तर जबडा नटाला पुरता आवळून घ्यावा आणि ओढताना भार सरकणाऱ्या जबड्यावर न येता स्थिर जबड्यावर येईल अशा बाजूने धरावा.

अडलेल्या नटासाठी पहिले औषध जोर नव्हे, तेल आणि वेळ. ब्रशने साफ करून तेल सोडावे, रात्रभर राहू द्यावे, सकाळी हलके ठोके द्यावेत. पाना नेहमी आपल्याकडे ओढावा. ढकलणे भागच असेल तर मूठ न वळता उघड्या तळव्याने ढकलावे, म्हणजे सटकला तरी बोटे फुटत नाहीत. दांड्यात पाइप घालून लांबी वाढवण्याचा मोह फिक्स पान्याच्या बाबतीत तरी टाळावा. जबडा एकदा फाकला की तो पाना पुढच्या प्रत्येक नटाचे कोपरे खातो. असा फाकलेला पाना जपून ठेवण्यापेक्षा भंगारात द्यावा.

घरात जुनी जीप असेल, शेतावर पंप आणि अवजारे असतील, पावसात उघड्यावर गंजणारे नट वरचेवर सोडवावे लागत असतील, तर ज्या एक-दोन मापांची अडचण नेहमी येते, त्या मापांचे दातेरी पाने जरूर घ्यावेत. पण चांगल्या बनावटीचेच. स्वस्त नकलेत दाते मोठे दिसतात, पण पोलाद मऊ असते. चार वेळा वापरले की दाते सपाट आणि जबडा सैल. दुकानातच एका नव्या बोल्टावर पाना चढवून बघावा. डुगडुगत असेल तर दाते कितीही सुबक असोत, तो तिथेच ठेवून यावे.

आणि यातले काहीच नसेल, तर तेच पैसे चांगल्या साध्या संचात घालावेत, माळ्यावरच्या डब्यातला झिजलेला पाना बाजूला काढावा आणि मागून आणलेला ज्याचा त्याला परत करावा.